देवघरातला सर्व्हर

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

देव झोपला! आणि आज तो लाईटीनं नाही, अप्पांनी झोपवला.

नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या म्हणतील, रोहिणीनं रागात वाढवून सांगितलं. सिरसाळ्याच्या आमच्या ठिबकच्या दुकानामागं आधी देवघर होतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो, देवही वर आले. खालची गार खोली मोकळी होती, तिथं मी सर्व्हर बसवला. मांजरसुंबा, शिरूर कासार आणि हे, तिन्ही दुकानांचं सगळं त्या एका डब्यात. कुणाच्या शेतात ठिबक टाकायचं, कोण जाणार, शेताचा नकाशा, एकमेकांचे निरोप. म्हणून लोक त्याला देवच म्हणतात. इथली लाईट गेली, इन्व्हर्टर उतरला, की मांजरसुंब्याहून तानाजी ओरडतो — "अक्का, देव झोपला!"

आज आईनं डब्यावर विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. अप्पा म्हणाले, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. बंद कर." मी सांगितलं, शिरूरला काम चालू आहे. दसरा झाला की मजूर ऊसतोडीला जाणार, सुंदररावांना आजच पाइपचा चर खणून हवाय. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं! शिरूरच्या दुकानातल्या हनुमानला नकाशा उघडेना. त्यानं गावात विचारलं, सुंदररावांचं रान कुठलं? एकानं दाखवलं. गावात सुंदरराव दोन. चुलतभाऊ, दोघांनाही एकाच आजोबांचं नाव! बांधावरून त्यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी. हनुमाननं चर खणला तो नको त्या सुंदररावाच्या उभ्या तुरीतून. त्या सुंदररावाला वाटलं, भावानं बांध कोरला. कुऱ्हाडी बाहेर निघाल्या. पोलीसपाटील मध्ये पडले म्हणून निभावलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

अप्पांबरोबर शिरूरला. त्या सुंदररावांची आई छबुबाई चरात उतरून उभी होती. अप्पांनी आपट्याची पानं पुढं केली, "बाई, सोनं घ्या, चुकी आमची." तिनं हात मागं घेतला. "सोनं ऱ्हाऊ द्या. आदी चर बुजवा."

अप्पांनी हात जोडले. माझ्या अप्पांनी! आमदारापुढंही ताठ बसणारा माणूस. मला बघवेना. हनुमान आणि मी फावडी घेतली. तूर काही परत उभी राहिली नाही.

"तुमच्याकडं तर समदं लिवलेलं असतंय म्हनं?" छबुबाईनं विचारलं. पूजेपायी बंद ठेवलं होतं हे अप्पा कोणत्या तोंडानं सांगणार?

परतताना मीच विषय काढला. आता सगळं क्लाउडवर टाकू. मोठ्या कंपनीच्या मशिनीवर आपलं काम राहील, तिन्ही दुकानं फोनवरून बघतील, इथली लाईट असो नसो.

"क्लाउड म्हंजी ढगच ना?"

"हो, पण—"

"शिरूरच्या रानातून येतोय आपण, अन् तू मला ढगाचा भरवसा सांगतीस?"



१४ ऑक्टोबर

ठरलं. अप्पा काहीही म्हणोत. करणार म्हणजे करणार!

१८ ऑक्टोबर

अप्पांचा आजचा मुद्दा — "आपली म्हैस दुसऱ्याच्या दावणीला कावून बांधायची? उद्या त्यानं दावंच सोडलं तर?"

चिडले. मग जेवताना वाटलं, प्रश्न काही खोटा नाही. गिऱ्हाइकांनी आपल्या विहिरी, बांध आमच्या भरवशावर दाखवलेत. दुपारभर त्यावरच बसले. प्रत्येक दुकानाला फक्त त्याचीच कामं दिसतील. दर आठवड्याला एक प्रत इथं घरात उतरवायची. नेट नसेल म्हणून त्या दिवसाचे नकाशे सकाळीच फोनमध्ये घ्यायचे. कंपनीनं नखरे केले तर सामान उचलून दुसरीकडं जाता येईल का, तेही विचारून घेतलं. येतं.

संध्याकाळी पुण्याहून संगमेशचा फोन. "अक्का, हे तू कधीच करायला पाहिजे होतं." वा रे भाऊ! सल्ला पुण्यातून फार छान सुचतो. इथं येऊन अप्पांपुढं बोल म्हटलं, तर रेंज गेली त्याची.

२२ ऑक्टोबर

फक्त मांजरसुंब्याचं काम हलवलं, चाचणी म्हणून. अप्पांना सांगून. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरही उतरला. मी फोनकडं बघत बसले. तानाजी ओरडेना! मला वाटलं सगळंच बसलं. मीच लावला.

"लाईट गेली व्हय तिकडं? आमाला काय म्हाईत अक्का, आमचं तर लई झ्याक चालू हाय!"

उडीच मारली मी. धावत जाऊन अप्पांना सांगितलं. ते उठले आणि मागच्या खोलीत डब्याशेजारी जाऊन बसले. अंधारात. हे काय आता?

२५ ऑक्टोबर

आज कळलं.

मांजरसुंब्याहून निघताना ढाब्यावर चहाला थांबलो. अप्पा बशीत चहा ओतून तसेच बसले. मग म्हणाले, "संगमेश जाताना काय म्हणला व्हता? 'अप्पा, काम तिकडं हाय, म्हणून जातो.' तुझं काम त्या खोलीत हाय, म्हणून तू हितं हाईस. उद्या काम फोनात गेलं की तुला सिरसाळ्यात कोण धरून ठिवणार?"

मी आपली लाईट, नेट, दावण यांचीच उत्तरं देत होते! म्हटलं, मी काय डब्यापायी राहिले असं वाटतं तुम्हाला?

"मंग कशापायी?"

तुमच्यापायी, एवढंच तर म्हणायचं होतं. ढाब्यावर रडायची लाज वाटली म्हणून भज्यातली मिरची लागली असं दाखवलं.

पण माघार नाही. नाक पुसून म्हटलं, "अप्पा, मी जाईन या भीतीनं शिरूरला पुन्हा कुऱ्हाडी निघू द्यायच्या का?"

चहा पार निवला. अप्पा तो तसाच प्यायले. "करायचंच तर पाडव्याला कर. नवं खातं आपण पाडव्यालाच उघडतो."

२ नोव्हेंबर, पाडवा

झालं! तिन्ही दुकानं क्लाउडवर. डबा बंद केला तेव्हा खोलीतली घरघर थांबली, आणि मला उगाच कसंतरी झालं.

आईनं सगळ्यांचे फोन ताटात घेऊन ओवाळले. विभूती इतकी फासली की तानाजीला पडदा दिसेना. अप्पांनी पासवर्ड ठेवला स्वतःचंच नाव! बदलायला लावला, तर म्हणाले, "मंग माझं नाव काय वाईट हाय का?" नंतर एका बोटानं कामाची दिनदर्शिका शिकले. तारीख दाबायची, नाव घालायचं, काम लिहायचं, की सगळ्यांना दिसतं. शिकवलेलं दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मला वाटलं, हिशेबी माणूस, खात्री करतोय.

५ नोव्हेंबर

सकाळी हनुमानचा फोन, शिरूरहून. "अक्का, अप्पा चालले म्हनं?" दिनदर्शिका उघडली. अप्पांनी स्वतःचं आणि आईचं नाव घालून लिहिलंय — "सोमवारपासून. अण्णाराव व महादेवी, मुक्काम पुणे, संगमेशकडे. परत कधी, ठरले नाही. काम तिथूनच बघणार. सिरसाळा दुकान : रोहिणी."

दुकान सोडून कधी एक रात्र बाहेर न राहिलेला माणूस! तिन्ही दुकानांनी वाचलं, मला सगळ्यात शेवटी कळलं. धावत वर गेले. आई बॅग भरत होती, गुणगुणत. म्हटलं, अगं, आणि मी?

"तू हाईस की हितं."