सुट्टीचा भोंगा

५ जानेवारी
ह्यांनी आज परत ताट सारलं. "जेवलो मी," म्हणे. जेवले डोंबल! कालपासून दोन घोट चहावर आहेत. डॉ. म्हणाले, विसरायचा आजार आता भुकेपर्यंत आला. पोटात आग पडते, पण ही भूक आहे हे त्यांना समजत नाय. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागंल. 
लाडीगोडी केली, शपथ घातली, शेवटी वरडले. हे घाबरले आन् भिंतीकडं तोंड करून बसले. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

८ जानेवारी
कल्पी आली पडेगावहून. लेक ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पण बापापुढं तिचंबी शास्त्र आजवर चाललं नव्हतं. आज मात्र ठरवूनच आलेली. "आई, समजावणं बंद कर. समजायचं संपलंय त्यांचं. सवय आहे अजून." म्हणे, सगळा जन्म कंपनीत गेला, जेवणाचा भोंगा झाला की पप्पा कँटीनला निघायचे. ते डोक्यातून जाईल, हातापायातून नाय जाणार. वाळूजच्या रस्त्यावर उभी राहून तिनं एका कंपनीचा भोंगा मोबाईलमधी भरून आणलाय. पुस्तकातलं चित्रपण दाखवलं. घंटी वाजते आन् कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.
म्हणलं, "तुझा बाप काय कुत्रं हाय का गं?"
 कल्पीचेच डोळे भरले आन् मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसं बघितलं तर अंगणवाडीत मी तरी दुसरं काय केलं? मी टाळी वाजवली की पोरं हात धुवायला पळायची.

९ जानेवारी
वाजवला. हे उठले!!
हात धुतले. मांडणीतलं, कँटीनमधी असतं तसलं खणाचं ताट घेतलं आन् ओट्यापुढं रांगेत उभे राहिले. रांगेत दुसरं कुणीच नाय, एकटेच. मी वाढलं. दोन भाकरी, वरण, वरून ठेचा मागितला. कल्पीला फोन लावला पण बोलताच येईना, नुसतीच हसत होते. ती घाबरली, आई काय झालं काय झालं.

१४ जानेवारी, संक्रांत
भोंगा, जेवण, सगळं सुरळीत. तीळगूळ दिला तर म्हणले, "घ्या की मावशी, तुमीबी."
मावशी? आधी समजलंच नाय. मग उजेड पडला. कँटीनमधी वाढणाऱ्या बाईला हे लोक मावशी म्हणायचे. ह्यांच्या मनात हे अजून जवान गडी, आन् पुढं पिकल्या केसांची बाई उभी.
सणासुदीला हळदीकुंकू लावून नटून बसले, आन् नवरा मावशी म्हणतोय. संध्याकाळी बायका वाण लुटायला आल्या, त्यांच्यात हसून सांगितलं. हसण्यासारखं काय होतं त्यात.
कल्पी म्हणे, "जेवतात ना, आई?" जेवतात.

२२ जानेवारी
जेवण झालं की आता काम सुरू. नळाचे नट ढिले करतात, कुकरची शिट्टी काढतात. आज गॅसच्या बटणाला हात घातला. नशीब, सिलेंडर बंद होतं. शिफ्ट संपतच नाय ह्यांची. कल्पी म्हणाली, मग सुट्टीचा भोंगापण लाव, आन् लगेच चहा-बिस्कीट दे. गोड मिळालं की हात थांबतील.
थांबले. पोरीच्या डोक्याला मानलं पाहिजे.

२७ जानेवारी
सुट्टीचा भोंगा झाला, चहा झाला. मी कप विसळत होते, तेवढ्यात हे चपला घालून बाहेर. शेजारच्या नसीमभाभींनी कोपऱ्यावरून हाताला धरून आणलं. "भाभी, भाईसाब को घर जाना बोल रहे. मैं बोली येइच तो घर है, मानतेच नहीं."
हे दारात उभे. पाव्हण्यासारखे. मला म्हणतात, "मावशी, निघतो. घरी मंडळी वाट बघत आसंल."
इतके दिवस ध्यानात आलं नाय आम्हा दोघींच्या. भोंगे लावून लावून आम्ही घराची कंपनी केली. आता ह्यांनी घरी जायचं तर कुठं जायचं?

३० जानेवारी
परवापासून भोंगा बंद. म्हणलं, ह्यांना घरी राहू दे, माझ्याजवळ. बघू.
ताटाला हात नाय लावला. पण आज सकाळी "सुमे, पाणी दे" म्हणले. सुमे! तांब्या घेऊन मी तशीच उभी. पाणी द्यायचंपण सुचंना. जवळ गेले तवर नजर परत कुठंतरी लांब.

३१ जानेवारी
उठताना ह्यांचे पाय लटपटले. बरगड्या दिसतात. भोंगा लावला तर पोटात जातं पण मी मावशी. नाय लावला तर कधीतरी सुमे, पण पोट रिकामं. असा न्याय असतो का देवा?
फोनवर कल्पी रडत होती. "नळी नको गं आई. लाव भोंगा."

१ फेब्रुवारी
लावला. जेवले.

६ फेब्रुवारी
सुट्टीनंतर आता त्यांना पायरीवर बसवते, चहा देते. "कंपनीची बस यायची हाय अजून," म्हणते. मग बसतात. मीबी बसते शेजारी.
आज आपणहून बोलायला लागले. "आमची मंडळी लई तापट बरं का मावशी." म्हणलं, असं? "व्हय. पण मनानं साफ. पोरगी झाली तवा आमच्या म्हातारीनं तोंड पाडलं, मंग मीबी गप बसलो. सुमन रडली लई. मला पोरगी आवडली होती ओ. रात्री सगळे झोपल्यावर बघत बसायचो."
"मग सांगा की तिला."
"आता काय सांगायचं. तिला कळतं."
नव्हतं कळत ओ मला. नव्हतं कळत. जन्मभर तुम्ही घुम्यासारखे बसलात, मला कुठून कळावं?
चेहरा तसाच ठेवला. मावशी कशाला रडंल.

९ फेब्रुवारी
कल्पी अचानक आली आन् रागावली. "आई, सहाचा सुट्टीचा भोंगा चारला कामून लावला?" ह्यांची दुपारची झोप मोडली म्हणून. काहीतरी थाप मारली.
खरं म्हणजे मला दम निघत नाय. सकाळपासून माझं ध्यान पायरीकडं. काल सांगत होते, सुमन हसली की तिचा एक डोळा बारीक होतो. जे केल्यानं गोड मिळतं ते जीव परत करतो, कल्पीचंच वाक्य. ते ह्यांना लावायला निघालो आन् मीच सापडले त्यात. ह्यांच्या तोंडून माझं ऐकायचं तर मला मावशीच राहावं लागतं.

१२ फेब्रुवारी
आज चहा झाला, पण ह्यांनी बसचं काही काढलंच नाय. माझ्याकडं बघून म्हणले, "मावशी, तुमची सुट्टी कधी व्हते?"
म्हणलं, माझी कसली सुट्टी.
"घरी कोण हाये?"
"नवरा."
"मंग जा की. ताटकळला आसंल बिचारा."
 मी उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. मागं बघते तर हे आत, दार बंद. आतून कडी. सिलेंडर मी बंदच ठेवते, ती धास्ती नव्हती, तरी पळतच दाराशी आले. नसीमभाभी गच्चीवरून, "क्या हुआ?" म्हणलं, कुछ नहीं.
कडी वाजवली. "कोण?"
"मी. सुमन."
 परत वाजवायला हात उचलला आन् कडी निघाली. हे माझ्याकडं बघत राहिले. मग बाजूला सरकले, मला वाट दिली. कोणाला आत घेतलं ते बोलले नाय. मीबी इचारलं नाय. भीती वाटली.
आता ताट वाढलंय, साधं, खणाचं नाय. भोंगा लावला नाय. मोबाईल शेजारी पडलाय. हे ताटाकडं बघतायत. मी लिहितेय, आन् मधून मधून त्यांच्या हाताकडं बघतेय.