बोरीच्या पाण्यावरची काहील

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून तुला लिहायला बसलेय. वहीचं कोरं पान घ्यायला जीव होत नाही, तुझीच सवय. डोळ्यांपुढं आहे ती बोरी नदी आणि आश्विनातली ती सकाळ. दसरा होऊन गेलेला, पुनव अजून यायची होती. तुळजापूरची देवी निजली आहे म्हणून तू घरातल्या बाजा भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्यास, आम्ही सगळे खाली घोंगडीवर झोपत होतो. नदी निवळली होती. पावसाळाभर माणसं पैलतीरी न्यायला आपली गुळाची काहीलच, उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई, नाव व्हायची, आणि गुऱ्हाळ सुरू होईपर्यंत काठाला बांधलेली असायची. त्या दिवशी आम्ही तिघी मैत्रिणी तिच्यात बसलो. रस ढवळायचं लांब दांड्याचं फावडं हेच आमचं वल्हं. काहील गोल, तिला पुढं-मागं काय कळतंय? जरा पाणी मारलं की जागच्या जागी फिरायची. एक म्हणाली, "अगं, पैलतीरी निघालोय का जात्यावर बसलोय?" दुसरी म्हणाली, "हळू हसा गं, देवी जागी व्हईल." घाई कुणालाच नव्हती. मी पाण्यात हात सोडून बसले होते. काठच्या बाजरीवर पाखरं उतरत होती. पोटात दुखत होतं, ते उन्हानं असेल असं मला वाटत होतं.

तू धुणं घेऊन आलीस तेव्हा आम्ही काठाला लागत होतो. मी उतरायला उठले आणि तू ओरडलीस, "बस खाली!" त्या दोघींना काहीबाही काम सांगून घरी पिटाळलंस. मग मी पाहिलं. परकराला डाग आणि काहिलीच्या तळालाही. जिची पूजा केल्याशिवाय गुऱ्हाळात चुलवण पेटत नाही, त्या काहिलीत मला पहिल्यांदा विटाळ आला होता. लाजेनं मला वर बघवेना. निजामाच्या राज्यात आपल्या गावातून शिकणाऱ्या मुली त्या किती, आणि बाबांनी तर आधीच सांगून ठेवलेलं, पोर शहाणी झाली की शाळा बंद, पाव्हणे बघायचे. तू पदर खोचून पाण्यात उतरलीस आणि वाळूनं काहील घासायला लागलीस. घासता घासताच, माझ्याकडं न बघता विचारलंस, "साळंत जायचंय का न्हाय?"

"जायचंय."

"मग हे इथंच पान्यात गेलं. घरी रोजच्यावानी वावर. पानी भर, देवाला फुलं दे."

"देवाला?" मला रडू फुटलं.

"देवाला काय सांगायचं ते म्या बघते."

आई, तू स्वतः त्या दिवसांत गोठ्याच्या कडेला बसायचीस, तुझी सावलीसुद्धा माठावर पडू द्यायची नाहीस. तीच तू दर महिन्याला मला माजघरात फिरू दिलंस आणि मी फुलं ठेवून उठले की देवापुढं नाक घासत राहिलीस. त्या हंगामात एका आधणाचा गूळ बसलाच नाही, नुसता चिकट राहिला. गुळव्या अंगणात येऊन कुरकुरला, "वैनी, काहिलीला कुनाचा तरी विटाळ झालाय." तू म्हणालीस, "ऊस कवळा हुता. तुमीच घाई केली." पण संक्रांतीला सगळ्यांना गुळाची पोळी वाढून तू मात्र भाकरीच खाल्लीस, तेव्हा मला कळलं. तुला ते पाप खरंच वाटत होतं. पाप मानूनच तू ते अंगावर घेतलं होतंस. पुढं सोलापूरला मामाकडं राहून मी मॅट्रिक झाले, तोवर घरात कुणाला काही कळलं नाही.

सासरी आल्यावर सासूबाईंनी बाजूला बसवलं, मी बसले. त्या गेल्यावर तो नेम मी चालवला, आधी सुनेवर, आता नातीवर. कुणी कुरकुर केली की तुझं नाव पुढं करायची, माझ्या आईचं सोवळं फार कडक होतं म्हणायची. लोक माना डोलवायचे. आज नात मागल्या दाराशी पोत्यावर बसलीय. शाळेला सुट्टी आहे, तिच्या मैत्रिणी तलावाकडं गेल्या, हिला मी जाऊ दिलं नाही. सकाळी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतताना तिनं विचारलं, "आजी, तुझी आई पन तुला असंच बसवायची का गं?"

मी म्हणाले, "व्हय."

"लई दुष्ट हुती मग ती," ती म्हणाली. मी तांब्या घेऊन आत आले.

हा कागद कुठल्या टपालात जाणार नाही हे मला ठाऊक आहे. उठून तिच्या हातात द्यावा, एवढंही कळतं. पण आता तिच्या जेवणाची वेळ झाली, आणि तिची ताटली मी मघाशीच वेगळी काढून ठेवलीय.