ताटली दिसते का

१२ मार्च

चि. टिटवी हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांचे डोळे गेले, जीभ मात्र शाबूत आहे. खिडकीशी पडून हुकूम सोडतात. जन्मभर स्वतः करत आले ते आता माझ्या गळ्यात. रोज सकाळी कालवांच्या तराफ्यावर जायचं आणि दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडायची. दोन हात खोल जाताच दिसेनाशी झाली तर पाणी भरलेलं, कालवांना खाणं आहे. मेली आज तळापर्यंत लख्ख दिसली, काठाचा टवकासुद्धा दिसला. घरी येऊन मी सांगितलं, दोन हातांवर गडप झाली. म्हातारा असा खुलला की वाटीभर जास्त जेवला.

कालवं वाढवायला तराफ्याखाली सोडलेल्या दोरांवर नुसती टरफलं लोंबतायत. तुझा बाप तराफा मोडायचा म्हणतो. तू तिकडे प्रयोगशाळेत पाणी गाळत बसतेस, तर सांग, खाणं येणार की नाही? डॉक्टर म्हणतो, ह्यांच्यापाशी फार दिवस नाहीत. त्याआधी आलं तर माझं खोटं खरं होईल.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

२० मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

यंदा नाही येणार गं. वरचं पाणी तापून झाकणासारखं बसलंय. खालचं गार, कसदार पाणी वर यायला वारा लागतो, तो पडलाय. त्या कसावर वाढणारे बारीक जीव, आम्ही त्यांना प्लवक म्हणतो, तेच नाहीत. माझी जाळी रिकामी वर येते.

आजोबांना सांगून टाक. ताटली सोडायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना असं फसवलेलं मला सोसत नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी टिटवी

२ एप्रिल

चि. टिटवी हिस आशीर्वाद.

तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव. सांगायला बसले होते, न सांगताच ह्यांचं ताट वाढायला उठले.

काल त्यांनी एक कालव मागितलं. तुझ्या बापाने त्यातल्या त्यात मोठं निवडून आणलं. ह्यांनी तळहातावर तोललं. टरफल न उघडता आतलं सांगणारा माणूस. ते हलकं कालव परत माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाले, भरलंय हो यंदा. आणि म्हणाले की उद्यापासून ताटली सोडायला जाऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात.

माझे गुडघे कधीच दुखले नाहीत. मी बरं म्हटलं.

मिळेल ती गाडी पकडून ये. लोभाचं आल्यावर बघू.

तुझी आजी