ओल कुणाची

प्रिय जेमा,

हे अक्षर शेजारच्या डेस्मंडचं आहे आणि बोलणं माझं. अक्षर चांगलं दिसलं तरी त्याचं कौतुक करू नकोस, आधीच तो पेन असं धरून बसलाय की जणू राजाची सनद लिहायची आहे. जन्मभर बस चालवली, आता माझी वाक्यं चालवायला बघतोय. मी म्हटलं, संस्थेतली माणसं बिनडोक. यानं लिहिलं, संस्थेची भूमिका समाधानकारक नाही. मी म्हटलं, "डेस्मंड, मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. काय लिहिलंस ते मोठ्यानं वाच." मग खोडलं. वर शाईचा डाग दिसतोय ना, तो त्याचा.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला कुठं बोलू देतेस? दर रविवारी तुझा फोन येतो, त्यावर घड्याळ लावावं. गुडघा कसा आहे, हवा कशी आहे, जेवलीस का. तुझ्या फिनला घेऊन ये म्हटलं की त्याचा पोहण्याचा वर्ग असतो, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस. एवढे वाढदिवस राजघराण्यातसुद्धा नसतील. चार वर्षं होऊन गेली, माझ्या त्या पणतूनं माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलेला नाही, आणि का ठेवलेला नाही ते तूही बोलत नाहीस, मीही बोलत नाही. म्हणून पत्र. पत्राला "बरं नॅन, ठेवते हं" असं म्हणता येत नाही.

तर, मी तुला न सांगता एक उद्योग केला. आपलं घर जिच्या मालकीचं आहे त्या संस्थेविरुद्ध लोकपालाकडे गेले. हसू नकोस. मलाही आधी वाटायचं, लोकपाल म्हणजे कुणी दाढीवाला म्हातारा असेल, टोप घालून उंच खुर्चीत बसलेला. तसं काही नसतं. संस्थांच्या आणि नगरपालिकेच्या घरांत भाड्यानं राहणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला नेमलेलं ते एक कार्यालय आहे. पण थेट त्यांच्याकडे जाता येत नाही. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, आधी त्यांच्याच दारात जायचं. त्यांनी नाही म्हटलं की त्यांच्याच वरच्या साहेबाकडे. म्हणजे कोंबडीनं पहिला अर्ज कोल्ह्याला करायचा, दुसरा कोल्ह्याच्या थोरल्या भावाला, आणि दोघांचं ढेकर देऊन झालं की मग तिसऱ्याकडे. पण नियम तो नियम. डेस्मंडनं दोन्ही अर्ज लिहिले. दोन्हींना उत्तर एकच आलं: भिंतीवरची ओल राहणाऱ्यांच्या सवयींमुळे आहे, आणि बाईंनी यापूर्वी कधी तक्रार केलेलीच नाही.

कधी केलेलीच नाही! अगं, वर्षानुवर्षं फोन करत होते मी. पण आमच्या पिढीची रीत तुला माहीत आहे. तक्रार करणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरण्यासारखं. मी म्हणायचे, "तुम्हाला त्रास द्यायचा नाही हं, पण मागची भिंत जरा ओली आहे. घाई नाही." भिंतीवरून पाणी ओघळतंय, कागद सोलून खाली आलाय, आणि मी म्हणतेय जरा ओली! पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणायची, "नोंद घेतली हं, आजी." नोंद खरंच घेतली होती तिनं. तक्रार म्हणून नव्हे, नुसती चौकशी म्हणून. घाई नाही, हेही इमानेइतबारे लिहिलं होतं.

लोकपालाच्या कार्यालयातून ज्या बाईंचा फोन आला त्या प्रॉसरबाई. वेल्सच्या असाव्यात, बोलताना गाणं म्हटल्यासारखा आवाज. पहिल्याच वाक्यात मला म्हणाल्या, "मिसेस टॉली, मी तुमच्या बाजूची नाही आणि त्यांच्याही बाजूची नाही, हे आधीच सांगते." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही दोघांमधली भिंत. आमच्या भिंतीपेक्षा कोरड्या असाल एवढीच आशा." सरकारी कामात जेवढं हसता येतं तेवढं हसल्या. मग त्यांनी संस्थेकडून माझ्या सगळ्या फोनच्या नोंदी मागवल्या आणि मलाच एकेक वाचून दाखवल्या. माझंच बोलणं ऐकून मला माझाच राग आला. मी म्हटलं, "बाई, यावरून तर ही म्हातारी मजेत आहे असंच कुणालाही वाटेल." त्या म्हणाल्या, "एवढ्या वेळा घाई नाही म्हणायला कुणी फोन करत नाही. नम्रपणे केलेली तक्रारही तक्रारच असते." जेमा, बाई बाजूची नव्हती, पण ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपले.

आता त्या हिवाळ्याचं बोलते. डेस्मंड, तू नुसतं लिही, वर बघू नकोस.

तू फिनच्या बापाचं घर सोडून फिनला कडेवर घेऊन आलीस, तेव्हा मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. धाकटी खोली तुम्हाला दिली. माझ्याकडे दुसरी होती कुठं? जानेवारीत त्याची छाती भरली. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. रुग्णवाहिका आली, तू अनवाणीच तिच्यात चढलीस, मी मागे तुझे बूट हातात घेऊन उभी. ते दिवस मी पुन्हा उगाळत नाही. पोर वाचलं. घरी आलं. आणि त्याच आठवड्यात संस्थेचा तो निरीक्षक आला, चकचकीत बुटांचा. त्यानं भिंतीला हातसुद्धा लावला नाही. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर फिनचे चिमुकले कपडे वाळत होते, तिकडे बोट करून म्हणाला, "हे बघा, हे असे घरात कपडे वाळवले की ओल येणारच. मुलांच्या छातीला ते वाईट." एक पत्रक दिलं आणि गेला. डेस्मंडनं मला ते वाचून दाखवलं: भांड्यावर झाकण ठेवा, खिडकी उघडी ठेवा, कपडे बाहेर वाळवा. श्वास कमी घ्या, एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी त्या माणसाची नक्कल करून हसले. तू हसली नाहीस. कपडे गोळा केलेस, वाळवायची लाकडी घोडी उचललीस आणि खाली कचऱ्यात टाकून आलीस. पुढच्या महिन्यात तुला श्रूजबरीला घर मिळालं.

मी ज्या बोटीवर जन्मले तिची खोली आपल्या धाकट्या खोलीपेक्षाही लहान होती. आम्ही सातजण, चुलीवर दिवसभर किटली, डोक्यावर दोरीला लंगोट आणि मोजे, आणि फळीच्या पलीकडे चार बोटांवर कालव्याचं पाणी. बोटीतून कोळसा इकडून तिकडे न्यायचा, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण भिंत काळी पडलेलीही कधी पाहिली नाही. बापूस दरवर्षी फळ्यांच्या सांध्यांत ताग ठोकायचा आणि वरून डांबर भरायचा. थोर होता म्हणून नव्हे. बोटीचा मालक बोटीतच झोपतो, भेग राहिली तर त्याचंच अंथरूण आधी भिजतं. आमच्या संस्थेचा मालक कुठं झोपतो कुणास ठाऊक.

हे सगळं मी प्रॉसरबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यावर काही ठरवलं नाही. त्यांची रीत निराळी. त्यांनी संस्थेला एकच साधा प्रश्न विचारला: ओल कपड्यांमुळे आली, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? भिंत तपासली का, ओल मोजली का, बाहेरून कुणी पाहिलं का? संस्थेनं वेळ मागून घेतला. पुन्हा मागून घेतला. शेवटी उत्तर आलं की तसं काही केलेलं नाही, ते पत्रक आम्ही सगळ्यांनाच देतो. सगळ्यांनाच, जेमा! वरच्या मजल्यावरच्या त्या ब्रह्मचारी म्हाताऱ्यालासुद्धा, जो वर्षाला दोन सदरे धुतो.

मग बाहेरचा, संस्थेच्या पगारावर नसलेला माणूस तपासायला आला. त्यानं भिंतीचं प्लास्टर काढलं. छपराचं पाणी वाहून नेणारा नळ भिंतीच्या आतून जातो, तो वरपासून तडकलेला. पाऊस पडला की सगळं छप्पर आपल्या धाकट्या खोलीत रिकामं होत होतं. तो माणूस म्हणाला, "आजी, हा तडा नवा नाही. वीसेक वर्षं तरी जुना असेल." लोकपालाचा निकाल त्यानंतर आला: संस्थेच्या कारभारात गंभीर चुका. नळ बदला, भिंत नीट करा, बाईंना भरपाई द्या, नोकरांना शिकवा, आणि संस्थेच्या प्रमुखानं माफी मागावी. माफी कागदावर येणार होती. मी कळवलं, कागद मला मुका आहे, तोंडानं मागा. तर स्वतः आला बिचारा! ब्रेड पुडिंगचे दोन तुकडे खाल्ले आणि कोचावर बसून वाचायला लागला. "कपड्यांबद्दल आम्ही जे म्हटलं त्याला काहीही आधार नव्हता," इथं आल्यावर मी म्हटलं, "जरा मोठ्यानं, साहेब. भिंती आता जाड केल्यात तुम्ही." डेस्मंड पलीकडे कान लावून बसला होता, तरी त्याला म्हणे नीट ऐकू आलं नाही.

हे गेल्या उन्हाळ्यातलं. तुला लगेच कळवलं नाही, कारण दुरुस्ती झाली असं म्हणणाऱ्यावर मी एक हिवाळा गेल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. या हिवाळ्यात पाऊस किती पडला ते तुला माहीत आहे. रोज सकाळी उठून त्या भिंतीला हात लावला. कोरडी. पार मार्चपर्यंत कोरडी.

आता तू विचारशील, एवढी वर्षं त्या भिंतीशी संसार केला, मग मध्येच ही अवदसा का आठवली? सांगते. मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस, असल्या घरात पोराला झोपवलं म्हणून. तो राग मी गिळून बसले असते. पण तीन नाताळांपूर्वी तू मला श्रूजबरीला नेलंस. तुझं घर उबदार, भिंती बिस्किटासारख्या कोरड्या. आणि घरात कुठं एक ओला मोजा दिसेना. नाताळच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस, आणि तू ओल्या कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून नाक्यावरच्या धुलाईच्या दुकानात वाळवायला निघालीस. मी विचारलं, "रेडिएटर आहे की गं!" तू म्हणालीस, "सवय झाली, नॅन." खिडकीतून तुला पावसात जाताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तू माझ्यावर नव्हे, स्वतःवर रागावली होतीस. त्या चकचकीत बुटांच्या माणसाचं एक वाक्य तू इतकी वर्षं ओझ्यासारखं वाहत होतीस. घरी आले आणि डेस्मंडला म्हटलं, पेन काढ. मला नळ नको होता, भरपाई नको होती. तो माणूस खोटं बोलला, हे कुणीतरी ज्याचं ऐकावं लागतं अशा माणसानं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं म्हणून तू ऐकलं नसतंस. तू म्हणाली असतीस, नॅन आहे, माया करते. निकाल लागल्यावर मी प्रॉसरबाईंना विचारलं, माझ्या नातीला हे कळवाल का? त्या म्हणाल्या, निकाल फक्त भाडेकरूला आणि मालकाला जातो, नातीपर्यंत आमचा अधिकार पोचत नाही. आणि लगेच म्हणाल्या, "तुमचा पोचतो." म्हणून हे पत्र, पोरी. ती भिंत तू यायच्या आधी ओली होती आणि तू गेल्यावरही ओली होती. फिनची छाती तुझ्या कपड्यांनी भरली नाही. तू काही केलं नाहीस. डेस्मंड, हे वाक्य पुन्हा लिही. तू काही केलं नाहीस. ईस्टरला त्याला घेऊन आलीस तर खोली तयार आहे. अजून धीर होत नसेल तर मी थांबेन, मला घाई नाही, आणि या वेळी ते खरं आहे. पण आज एवढं कर. एक मोजा धू आणि तुझ्याच घरात वाळत घाल.

तुझीच,
नॅन