कहकशाँची नाडी

५ ऑगस्ट
आले एकदाची अमरावतीला! शेंदूरजनाघाटहून बाबा सोडायला आले होते. वसतिगृहाच्या फाटकाशी डोळे पुसले आणि लगेच परतीची बस धरली. नर्सिंग कॉलेज मोठं आहे. खोलीत मूर्तिजापूरची कहकशाँ. मी यायच्या आधीच तिनं माझ्या गादीवर चादर घालून ठेवली होती.

९ ऑगस्ट
स्किल लॅबमध्ये पलंगावर रबरी पेशंट झोपवलेला असतो. हातातल्या टॅबवर वरचा-खालचा बाण दाबून आकडा बदलला, की त्याच्या मनगटातली नाडी तशी चालते. टॅब सांभाळायचं, रात्री खोलीवर न्यायचं काम रागिणी मॅडमनी मला दिलं! घरी फोन करून सांगितलं.

२० ऑगस्ट
कहकशाँ मनगटावर बोटं ठेवते आणि घड्याळ न बघता आकडा सांगते. बरोब्बर. मॅडम म्हणाल्या, हिच्या बोटांना देणगीच आहे. मी रोज दोन तास जास्त बसते. माझ्या बोटांना काय आहे?

२ सप्टेंबर
अकोल्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी एकीचीच निवड होणार. आज कहकशाँच्या चाचणीत मी टॅबवर नाडी गुपचूप बहात्तरवरून पन्नासवर आणली. ती पन्नास म्हणाली. मॅडमच्या कागदावर बहात्तर. नापास. मी पहिली.
जेवण छान गेलं.

३ सप्टेंबर
सकाळी कहकशाँला चक्कर आली. म्हणाली, "आचल, माह्या छातीत कसंतरीच होऊन राह्यलं. नाडी पाय ना."
पाहिली. पन्नास.
टॅब उघडला. कालचा आकडा तसाच होता. बहात्तर केला. दहा मिनिटांत ती उठून पोहे खायला बसली.

५ सप्टेंबर
योगायोग असेल, म्हणून पुन्हा करून पाहिलं. पंचावन्न केले, तिनं वर्गात बाकावर डोकं टेकलं. बहात्तर केले, उठली. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा.

८ सप्टेंबर
मॅडमनी तिची चाचणी परत घेतली. ही चुकणार नाही म्हणे, आपल्या कागदातच घोळ असेल. अकोल्याला तीच जाणार. मला मिठी मारून म्हणाली, मी मॅडमजवळ तुझ्यासाठी बोलते.
बोलते! माझ्यासाठी!
पंचावन्न. फक्त आजच्यापुरतं.

९ सप्टेंबर
अठ्ठेचाळीस. ओठ निळे पडलेत. मॅडम म्हणाल्या, दुसरी कोणी पाठवावी लागेल. माझ्याकडेच पाहत होत्या—

१० सप्टेंबर
चाळीस. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली आहे. ती समोरच्या खाटेवर, माझंच नाव घेतेय. टॅब मांडीवर.
वाढवते. आता वाढवते. एवढं लिहून—
छत्तीस.
मी वरचाच बाण दाबला. वरचाच.
चौतीस. माझं बोट कुठल्या बाणावर—