परत केलेली साखर

कुवेत, शुक्रवार, २५ फेब्रुवारी १९७२

धाकट्या मेहबूबला भाईचा सलाम, अम्मीला कदमबोसी.

माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर मिळतं. अम्मीचा गुडघा कसा आहे?

बांगलादेशची लढाई झाल्यापासून इथले पाकिस्तानी आणि बंगाली कामगार नमाजाला एका रांगेत उभे राहत नाहीत. मी स्वतःच्या हिमतीवर अरबी शिकलेला माणूस. आज जुम्म्यानंतर सगळ्यांना सुनावलं, की जगातले मुसलमान एकच जमात आहेत. मालेक नावाच्या बंगाली रंगाऱ्याने विचारलं, "मिस्त्री, तुमच्या गावात आहेत का एक?"

"आम्ही एकाच रांगेत असतो!"

"आणि सोयरीक?"

मला आपलं अंगण आठवलं. राहात्याच्या पिंजाऱ्यांनी आपल्या बहिणीला, शकिलाला मागणी घालताना आणलेली सव्वा शेर साखर मी अंगणातूनच परत केली होती. "शेखांची मुलगी पिंजाऱ्यांत जात नाही," असं मोठ्यानं म्हणालो. शकिला दारामागेच उभी होती.

तिला विचार. तिचं मन अजून तिथं असेल, तर तू साखर घेऊन राहात्याला जा. वजन तेवढंच, सव्वा शेर. त्यांनी परत केली तर मुकाट घेऊन ये, पण भाईनं माफी मागितली हे अंगणात मोठ्यानं सांग.

तुझा शरमिंदा भाई,
बाबालाल