डाव्या हाताची गाठ

७ ऑगस्ट २०१४
आजही नाही. लग्नाला सहा महिने, माझं वय सत्तावीस, आणि शरीर ऐन वेळी पाठ फिरवतं. सुनंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राहू द्या जी. थकले असान." थकलो कशाने? दिवसभर मागावर बसून तर होतो.
सकाळी चादरीच्या दशांमध्ये परत एक गाठ. ही तिसरी.

९ ऑगस्ट
गाठ उजेडात नेऊन पाहिली. कोसा रेशमाचा धागा तुटला की आम्ही विणकर जोडायला मारतो तीच. पण उलटी, डाव्या हाताची. आमच्या आळीत अशी गाठ फक्त बाबा मारायचे. त्यांच्याकडून शिकलो म्हणून मीही डावीच मारतो. आईला ती येत नाही. सुनंदा करडी गावच्या धानवाल्या घरची, तिला मागावरचा धोटासुद्धा धड धरता येत नाही.
म्हणजे मी, नाहीतर बाबा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

१० ऑगस्ट
आईला दाखवली. तिने हात लावला नाही. "कांकण कापलं तवाच मी मनली होती, हे अशुभ हाये."
खरंय. लग्न लागल्यावर नवरीच्या मनगटाचं हळदीचं कांकण नवऱ्याने एका हाताने सोडायचं असतं. मी जन्माचा विणकर, आणि ती गाठ सुटेना. बोटं घामाने ओली. बायका हसल्या, "कोष्ट्याले गाठ सुटून नाई रायली वो!" शेवटी मित्र दिन्याने ब्लेडने कापलं. ते हसू त्या दिवसापासून कानात आहे. सुनंदाजवळ गेलो की आधी तेच ऐकू येतं.

१७ ऑगस्ट
लाखनीला हायवेवर जडीबुटीवाल्याचा तंबू. नाव नाही विचारलं, नाडी नाही पाहिली. म्हणाला, "घरी कोन गाठी मारून रायलं?" सगळ्यांनाच विचारत असेल. असेलच.
पुडी आणली, रात्री घेतली. तासाभरात चेहरा लाल, छाती धडधड, डोळ्यांपुढे निळसर. सुनंदाने ओला पंचा डोक्यावर धरला आणि रडली. बाकी काही नाही.

२५ ऑगस्ट
भंडाऱ्याला डॉक्टरकडे. कारध्याच्या पुलावरून दोनदा परत फिरावंसं वाटलं. डॉक्टरांनी सगळं सरळ विचारलं. सकाळी जाग येते तेव्हा ताठरपणा असतो का? असतो, कधीकधी. "मग यंत्र शाबूत आहे. भीती आडवी येते." दिवसाला किती खर्रा? सहा-सात. "तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, तो आजपासून बंद." रक्त दिलं. साखर काठावर आहे म्हणाले, चालायला जा. उरलेली पुडी फेकायला लावली. असल्या पुड्यांत ताठरपणाची खरी गोळी कुटून घालतात, किती ते कोणालाच ठाऊक नसतं. आणि शेवटी, "तीन आठवडे प्रयत्नच करायचा नाही. नुसतं जवळ राहायचं. गोळी लागली तर मी देईन."
गाठींचं सांगितलं. हसले नाहीत. "झोपेत हात कामाची सवय सोडत नाहीत." बरं वाटलं. पण बाबांचं नाही सांगितलं.

१२ सप्टेंबर
खर्रा बंद, अठरा दिवस. डोकं दुखतं, चिडचिड. आज सुनंदावर ओरडलो, चादर लवकर का झटकतेस म्हणून. ती म्हणाली, "गाठी सोडाले. रोजच असतात. तुमी उठाच्या आंधी मी सोडत होती. ज्या राहून गेल्या त्या तुमाले दिसल्या."
रोज. सात महिने. आणि मला वाटत होतं ती तोंड फिरवून झोपते.
तिचा भाऊ महिनाअखेरीस न्यायला येणार. करडीला कोणीतरी काहीतरी बोललंय. गेली तर परत पाठवतील का, विचारायची माझी हिंमत नाही.

२४ सप्टेंबर
मागाच्या तारेने डावा अंगठा फाटला. चार टाके, जाड पट्टी.

२७ सप्टेंबर
तीन दिवस एकही गाठ नाही. म्हणजे मीच होतो! एकटाच हसलो. आईला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं झालं बाबू," आणि बाबांच्या फोटोपुढे दिवा लावला.
काल जमलं. गोळी न घेता. पूर्ण नाही, पण ते हसू ऐकू आलं नाही.

२९ सप्टेंबर
सुनंदाने कुंकवाच्या डबीतून कापलेलं कांकण काढून दाखवलं. जपून ठेवलं होतं. गाठ तशीच, पलीकडे दोन कापलेली टोकं. उद्या कारध्याला वैनगंगेत सोडू असं ठरलं. डबी उशाशी ठेवली.

३० सप्टेंबर
जाग आली तेव्हा ती अंगणात सडा टाकत होती. मनगटावर कांकण.
"कवा बांधलं जी?" लाजून म्हणाली. "मले समजलंच नाई."
हात हातात घेऊन पाहिलं. कापलेली टोकं जोडलेली. बारीक, घट्ट, डाव्या हाताची. माझा अंगठा अजून पट्टीत. टाके परवा काढायचे आहेत.
मी तिला काही सांगितलं नाही. आत आई दिव्यात तेल घालत होती, तिलाही नाही.
गल्लीत तिच्या भावाची मोटारसायकल वाजली. तिने पिशवी भरलेली नाही. मी ओट्यावर तिला समोर बसवलं आणि एकट्या उजव्या हाताने लग्नात न सुटलेली ती गाठ सोडायला घेतली. बोटं कोरडी आहेत.